जुनी मर्सिडीज दुरुस्तीला परदेशी पाठवायची का, आणि पाठवलीच तर वर्कशॉप कसं निवडायचं?

धरमपेठेतल्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. आजोबांची १९५८ सालची मर्सिडीज-बेंझ १९०, उजव्या स्टिअरिंगची, १९९१ पासून घरच्या गॅरेजात उभी आहे. खालचा पत्रा सडलाय. नागपुरात दोघा-तिघांनी ‘बॉडी कापावी लागेल’ म्हणून हात वर केले. पोलंडमधल्या एका वर्कशॉपने पूर्ण कामाचे २२ हजार युरो सांगितलेत, बँकॉकच्या एकाने त्याहून थोडे कमी, आणि जर्मनीत याच्या तिप्पट. यातलं परवडणारं आणि भरवशाचं कोणतं?

मी हिंगणा रोडला बत्तीस वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतोय. गिऱ्हाइकांच्या गाड्या आणि सुटे भाग बाहेर पाठवलेत, परत आणलेत, एकदा चांगला पोळलोही आहे. म्हणून आधी सरळ सांगतो: यापैकी कोणालाही अजून होकार कळवू नका. तिघांच्या आकड्यांची तुलना तुम्ही त्यांच्या दारात उभं राहून करताय. ती गाडी पुन्हा धरमपेठेत आल्यावर किती पडली, यावर व्हायला हवी. तो हिशेब मांडला की प्रश्नच बदलतो.

दुरुस्तीसाठी देशाबाहेर गेलेली वस्तू परत येते तेव्हा कस्टम ड्युटी लागते. हे बहुतेकांना माहीतच नसतं. ‘आपलीच गाडी आहे, तिच्यावर कसली ड्युटी?’ असं वाटतं. कस्टमच्या अधिसूचनेप्रमाणे, दुरुस्तीसाठी गेलेल्या वस्तूच्या पूर्ण किमतीवर ड्युटी लागत नाही, एवढी सवलत आहे. पण दुरुस्तीचा वाजवी खर्च, त्यात वापरलेलं सामान, आणि जाण्या-येण्याचं भाडं व विमा, एवढ्या रकमेवर लागते. तिथल्या एखाद्या मित्राने पार्ट फुकट दिले तरी त्यांची किंमत धरली जाते. आणि दर कोणता? मोटारीचा. वापरलेल्या मोटारीवरचे सगळे कर मिळून दर शंभर टक्क्यांच्या वर जातो.

आता तुमचा पोलंडचा आकडा घ्या. सोयीसाठी एक युरो शंभर रुपये धरू. काम २२ लाख. दोन्ही बाजूंचं भाडं आणि विमा मिळून पाच लाख समजा. झाले २७ लाख, आणि त्यावर कमीत कमी तेवढीच ड्युटी. म्हणजे २२ लाखांचं काम ५४ लाखांच्या पुढे गेलं. शिवाय वर्षभरात १० लाखांच्या वर पैसे बाहेर पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो आयकराच्या रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. बँकॉकचा आकडा थोडा कमी असला तरी गणिताची जात तीच.

याच अधिसूचनेत अजून तीन अटी आहेत, त्या पैशाहून महत्त्वाच्या. गाडी तीन वर्षांत परत आली पाहिजे, आयुक्तांनी मुदत वाढवली तर पाचपर्यंत. मधल्या काळात मालकी बदललेली नसावी. आणि परत येणारी वस्तू ‘तीच’ असावी. या तिसऱ्या अटीवरच मी पोळलो.

एका गिऱ्हाइकाची ब्रिटिश सलून गाडी मी युरोपात पाठवली होती. वर्कशॉप चांगलं होतं, काम देखणं झालं. पण इंजिनच्या ब्लॉकला पाणी फिरतं त्या जागी तडा निघाला, आणि त्यांनी माणुसकीने, खरंच मदत म्हणून, स्वतःकडचा दुसरा ब्लॉक बसवून दिला. मला ईमेलमध्ये एका ओळीत कळवलं, मी वाचलं आणि पुढे गेलो. गाडी बंदरात आली तेव्हा इंजिन नंबर कागदाशी जुळेना. चार महिने गाडी कंटेनर यार्डात राहिली. रोजचं भाडं चढत होतं आणि गिऱ्हाइकाचा रोज फोन येत होता. जुना ब्लॉक त्यांनी भंगारात दिला नव्हता म्हणून वाचलो. तो विमानाने मागवून दाखवला तेव्हा कुठे सुटका झाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात पहिली ओळ हीच असते: नंबर असलेला एकही भाग माझ्या लेखी परवानगीशिवाय बदलायचा नाही, आणि गाडीतून काढलेला प्रत्येक तुकडा, गंजलेला असला तरी, खोक्यात भरून परत द्यायचा.

तुमच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी तिच्यात बसते. नवीन नोंदणी २० हजार रुपयांत दहा वर्षांसाठी मिळते, नूतनीकरणाला ५ हजार लागतात. पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. परदेशातलं स्वस्त वर्कशॉप पुष्कळदा स्वस्त असतं ते याच कारणाने. तासन् तास पत्रा ठोकण्यापेक्षा दुसऱ्या मेलेल्या गाडीचा अख्खा पुढचा भाग कापून जोडणं त्यांना सोपं पडतं. दिसायला सुंदर होतं, पण कागदावर तुमच्या आजोबांची गाडी राहत नाही.

ज्यांच्याकडे याहून जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट: १ जानेवारी १९५० च्या आधीच्या मोटारी आणि त्यांचे भाग निर्यातीच्या निर्बंधित यादीत आहेत, परवान्याशिवाय बाहेर जात नाहीत. आणि शंभर वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. तुमची ५८ ची, तुम्हाला ही अडचण नाही.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: गाडी नागपुरातच ठेवा आणि तिचे निवडक भाग बाहेर पाठवा. सुट्या भागांवरचा दर मोटारीच्या मानाने कितीतरी कमी आहे. शिवाय एखादा भाग बिघडला, हरवला, अडकला तर नुकसान त्या भागापुरतं राहतं.

बाहेर काय पाठवण्यासारखं आहे? डॅशबोर्डची घड्याळं, म्हणजे स्पीडोमीटर आणि पाणी-तेलाचे काटे. आपल्याकडे ती चालू करून देणारे हात आहेत, पण डायलची छपाई मूळासारखी करणारे फार थोडे. स्टिअरिंगचं चाक, कारण जुनं प्लास्टिक आपल्या उन्हात भेगाळतं आणि ते नव्याने ओतणं हे खास काम आहे. सोलेक्स कार्ब्युरेटर, त्याची बॉडी वाकली असेल तर. ओतीव जस्ताच्या मुठी आणि चिन्हं, ज्यांना फोड आले आहेत ती. साध्या क्रोमसाठी मात्र युरोपच्या मागे लागू नका. क्रोम चढवायला लागणाऱ्या क्रोमियम ट्रायऑक्साइडला तिथे २०१७ पासून वेगळी परवानगी लागते, त्यामुळे ते काम महाग झालंय. बंपर आपल्याकडे उत्तम होतात, फक्त आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर चढवतात का ते विचारा. तांब्याचा थर टाळला की दोन पावसाळ्यांत गंज वर येतो.

आणि पत्रा? पत्रा इथेच करा. हे मी नागपूरकर म्हणून अभिमानाने बोलत नाही, हिशेबाने बोलतोय. पूर्ण रिस्टोरेशनला हजार ते दोन हजार तास सहज लागतात आणि त्यातले सर्वांत जास्त पत्र्यात जातात. हातोडी आणि लाकडी ठोकळ्यावर गोलाई काढणारे मिस्त्री आपल्याकडे अजून आहेत. माझ्याकडचे एक चाचा मोमिनपुऱ्यातून येतात, मडगार्डची कड नुसत्या बोटाने चाचपून सांगतात कुठे अर्धा सूत जास्त आहे. आपलं दुबळेपण दुसरीकडे आहे: मोजमाप नाही, घाई आहे, आणि शेवटी सगळं लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, झाकायची सवय आहे.

तुमच्या गाडीला चॅसी वेगळी नाही. ही जी पिढी पाँटन नावाने ओळखली जाते, तिची बॉडी हीच चॅसी. दाराखालचं सिल सडलं आणि कोणी ते सरळ कापलं की गाडी मधून खचते, दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. इथल्या लोकांनी हात वर केले ते याच भीतीने, आणि मला ते प्रामाणिक वाटले. पण याला उपाय आहे. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून ती बांधून घ्यायची. गाडी सपाट जागी चार बिंदूंवर टेकवायची. कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवायचे. मग एका वेळी एकच बाजू उघडायची, दार लावून फटी बघायच्या, आणि तेव्हाच पुढचा टाका घालायचा. फ्लोअर आणि सिलचे तयार दुरुस्तीचे पत्रे युरोपातून मागवता येतात, तेवढे मागवा. मिस्त्रीला रोजावर ठेवा, ठेका देऊ नका. ठेक्यात लांबी वाढते.

हे सगळं ऐकूनही काही जण गाडी बाहेर पाठवतातच. कोणाचा मुलगा तिकडे स्थायिक आहे आणि गाडी तिकडेच राहणार आहे. तसं असेल तर परतीच्या ड्युटीचा प्रश्नच उरत नाही, आणि मग पोलंड-हंगेरीचं गणित खरंच जमतं. अशांसाठी वर्कशॉप कसं पारखायचं ते सांगतो.

तयार झालेल्या गाड्यांचे फोटो बघू नका. चकचकीत गाडी सगळेच दाखवतात. त्यांना सांगा, आज तुमच्या जागेत उभ्या असलेल्या सगळ्यांत वाईट अवस्थेतल्या तीन गाड्या व्हिडिओवर दाखवा, आणि प्रत्येक कधीपासून उभी आहे ते सांगा. चार-चार वर्षं धूळ खात पडलेल्या गाड्या दिसल्या तर समजा की तिथे नव्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशातून जुन्याचं काम चाललंय. सुटे केलेले भाग कसे ठेवलेत तेही बघा. नावं लिहिलेल्या पिशव्या आणि मांडण्या दिसल्या तर मला निम्मा विश्वास बसतो. एकाच ड्रममध्ये तीन गाड्यांचे नट-बोल्ट पडलेले दिसले तर पुढे बोलूच नका.

मग तासांचा दर विचारण्याआधी तासांचा हिशेब मागा. पूर्वी केलेल्या एखाद्या पाँटनचा किंवा तशाच गाडीचा खरा टाइमशीट, मालकाचं नाव झाकून. जर्मनीत ज्या कामाला आठशे तास लागतात त्याला दुसरीकडे अठराशे लागत असतील, तर अर्ध्या दराने काहीच वाचत नाही. तुम्हाला जो ठोक २२ हजारांचा आकडा दिलाय, तो मला इथेच खटकतो. गाडी न बघता, रंग न उतरवता, मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसलेल्या, बॉडीचा ठोक भाव कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मी स्वतः देत नाही. चांगला माणूस म्हणेल, आधी गाडी सुटी करू, ब्लास्टिंग करू, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने रंग-गंज उतरवू, मग थांबू, फोटो पाठवू आणि तेव्हा भाव सांगू. करारात ही थांबण्याची जागा लिहून घ्या. त्या टप्प्यापर्यंतचे पैसे देऊन गाडी परत घ्यायचा हक्क तुमच्याकडे असू द्या. पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याचे फोटो बघून. आगाऊ निम्मी रक्कम मागणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

इंजिन, मुलामा, गाद्या यांतलं कोणतं काम ते स्वतः करतात आणि कोणतं बाहेर देतात, हेही विचारा. बाहेर देण्यात वाईट काही नाही, मीही देतो. पण कोणाला देतात हे सांगायला जो कचरतो, त्याच्याकडे उशीर होतोच.

देशांबद्दल माझं थोडं पक्षपाती मत आहे. पोलंडची सर्वांत मोठी सोय म्हणजे जर्मनी शेजारी. मर्सिडीजचं स्वतःचं क्लासिक सेंटर १९९३ पासून स्टुटगार्टजवळच्या फेलबाखमध्ये आहे, आणि पार्ट ट्रकने लवकर पोचतो. पण तिथल्या मिस्त्रीच्या हाताखालून डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या जातात. तुमच्या उजव्या बाजूचा स्टिअरिंग बॉक्स, पेडलं, डॅशबोर्ड यांतलं काही तुटलं तर ते शोधण्यात महिने जातात. डाव्या बाजूचं बसवून देऊ का, असं विचारणारेही भेटतात. थायलंड उजव्या स्टिअरिंगचा देश, पण या विशिष्ट मॉडेलचे हात तिथे आहेत का ते नावानिशी तपासावं लागेल. उजव्या बाजूच्या पाँटनचे भाग शोधायचे असतील तर दक्षिण आफ्रिकेकडे जरूर बघा. तिथल्या ईस्ट लंडनमध्ये १९५८ पासूनच मर्सिडीज जोडल्या जात होत्या, आणि मला तिथून दोनदा असे भाग मिळालेत जे जर्मनीत मिळाले नव्हते.

युरोपात गाडी पाठवायची असेल तर वर्कशॉपला इनवर्ड प्रोसेसिंगची प्रक्रिया माहीत आहे का, हे पहिल्याच पत्रात विचारा. दुरुस्त करून परत बाहेर जाणाऱ्या वस्तूला तिथली ड्युटी आणि व्हॅट भरावा लागू नये, म्हणून ती असते. पोलंडचा व्हॅट २३ टक्के, हंगेरीचा २७. ज्याने हा शब्दच ऐकला नाही, त्याने आजवर युरोपबाहेरची गाडी घेतलेली नाही.

प्रत्यक्ष जाऊन या. व्हिसा, तिकीट आणि चार दिवसांचा मुक्काम हा या खर्चातला सर्वांत छोटा आकडा आहे. जाताना रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशात ठेवा, दोन-चार हजारांत मिळतं. कारखान्याचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन भरतो, रिस्टोर केलेल्या गाडीवर तीनशेपर्यंत ठीक. हजाराच्या वर गेला की खाली लांबी आहे. त्यांनी केलेल्या गाडीच्या सिलवर आणि चाकाच्या कमानीवर लावून बघा, परवानगी घेऊन.

वाहतुकीचं थोडक्यात. तुमची गाडी साडेचार मीटरच्या आत आहे, वीस फुटी कंटेनरमध्ये आरामात बसते. कंटेनरशिवाय थेट जहाजात चालवत चढवण्याचा पर्याय स्वस्त असतो, पण बंद पडलेल्या आणि अर्धवट सुट्या गाडीसाठी तो नकोच. शिपिंग बिलावर ‘दुरुस्तीसाठी निर्यात, परत आणणार’ असं स्पष्ट हवं, चॅसी आणि इंजिन नंबर हवेत, आणि कस्टमच्या तपासणीत त्या नंबरांचे फोटो जोडलेले हवेत. वापरलेल्या मोटारींच्या आयातीला बंदराची मर्यादा आहे, म्हणून परतीला गाडी कुठे सोडवायची ते एजंटकडून आधी लेखी घ्या. तांबड्या समुद्राच्या गडबडीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालतात, तेव्हा युरोपच्या फेरीला दोन आठवडे जास्त धरा.

एक गोष्ट कोणीच विचारत नाही, ती म्हणजे आपला उन्हाळा. पोलंडमध्ये ऑक्टोबरात ट्रायल घेतलेली गाडी मेमध्ये व्हरायटी चौकातल्या सिग्नलला ४५ अंशात उभी राहिली की पेट्रोलची वाफ होते आणि ती बंद पडते. मूळ रेडिएटरचा कोअर साफ करून घेणं, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं, थर्मोस्टॅट तपासणं, हे आधीच सांगावं लागतं. शिवाय आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. १९५८ चं रबर त्यात विरघळल्यासारखं होतं. फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा आणि नळ्या एसएई जे३० आर९ शिक्क्याच्याच लावायला सांगा. गाडी उभी ठेवताना टाकी भरून ठेवू नका.

या महिन्यात तुम्ही दोनच कामं करा. चॅसी नंबर आणि मालकीचे कागद देऊन मर्सिडीजकडून गाडीचं डेटा कार्ड मागवा. त्यात इंजिन नंबर, मूळ रंगाचा कोड, आतलं कापड, सगळं मिळेल, आणि आजोबांनी तिला नंतर कधी रंग बदलून घेतला होता का तेही कळेल. दुसरं, गाडी जॅकवर घेऊन चारही जॅक पॉइंट, दोन्ही सिल, चालकाच्या पायाखालचा फ्लोअर, आणि इंजिन ज्या सबफ्रेमवर बसतं तिचे माउंट, एवढ्या जागी पेचकस टोचून बघा. टोचताना बाजूला पट्टी धरून फोटो काढा. सबफ्रेमचे माउंट घट्ट असतील, तर ज्यांनी हात वर केले त्यांच्यापैकी पत्र्याचं काम ज्याचं चांगलं आहे त्याला घेऊन माझ्याकडे या. चौकट कशी बांधायची ते मी त्याला उभं राहून दाखवीन.